काटकोनात

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एकतीस वर्षं
कुमुद घोसाळकरांनी ट्रान्सफॉर्मर वळले.
कागद लपेटलेली तांब्याची पट्टी,
उभ्यानं, माणसाच्या उंचीच्या रिळांवर.
तिथं त्या कुमुदबेन होत्या.
आता दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलाला शिकंजा लावून
हातानं फिरवायचं यंत्र बसवलंय
आणि माझ्यासारख्या चार वेड्यांसाठी
सुपारीएवढ्या कॉइल वळतात.

मी कागद पुढं केला:
एवढे मिलिहेन्री, मधून तीन टॅप, फेराइटची डबी.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
हे कुठं लागायचं?
आवाजाला, म्हटलं.
आवाजाला तांबं कशाला?

मला धड सांगता आलं नाही.
म्हटलं, विजेला सारखं बदलायचं असतं
आणि ही वेटोळी म्हणतात, थांब, घाई काय आहे.
तेवढ्या थांबण्यात काहीतरी होतं, गळ्याला बरं असलेलं.
म्हटलं, कॉम्प्युटरमध्येही आहे हे यंत्र, चित्रातलं.
चारी कोपऱ्यांना स्क्रू काढलेत, जरा गंजलेले,
कधीच कुणी न फिरवलेले.
मग गंज कसा चढला, म्हणाल्या,
आणि बराच वेळ हसत राहिल्या.

वळताना बोलायचं नाही.
आकडे अजून गुजरातीतच:
बसो पचीस, बसो छव्वीस.
मी मधेच चहाचं विचारलं
तर त्यांनी आकडा ओठांत धरून ठेवला,
शिवणारी बाई टाचणी धरते तसा,
आणि मान हलवून सांगितलं, नको.
केसाहून बारीक तार.
एकदाच तुटली. शिव्या मात्र मराठीत दिल्या.

रावपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानाखाली, माझा स्टुडिओ.
डबा जोडला, खर्जाचं बटण उघडलं
आणि आतून कुणीतरी गुणगुणायला लागलं.
अर्थिंग तपासलं. केबल बदलल्या.
पंखा बंद केला, मग फ्रिज, मग वरच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन,
त्याबद्दल त्याचं बोलणं खाल्लं.
गुणगुण तशीच.
भार्गवी पागे काचेपलीकडं तंबोरा मांडीवर घेऊन
तासभर मोबाइल बघत बसलेली.

शेवटी रिक्षा पाठवली.
त्या आल्या, हेडफोन केसांवरून घातला,
आणि चेहरा असा झाला
जसा गर्दीत माहेरचं कुणी दिसावं.
हा तर आमचा, म्हणाल्या. पन्नास सायकल.
रविवारीसुद्धा कानात असायचा.

शेजारच्या खणातला पॉवर सप्लाय त्यांनी बोटानं दाखवला.
त्याचा बोलवता धनी तो.
मग माझ्याकडून पेचकस घेतला,
कॉइलचा एकच स्क्रू ढिला केला
आणि डबी फिरवू लागल्या, सावकाश,
कुलूप उघडणाऱ्या चोरासारख्या.
गुणगुण वाढली. मग पातळ झाली.
मग एका जागी नव्हतीच.
पुढं नेली तर परत आली.
तिथंच, म्हणाल्या, कस.

शेजारी मोठा असला की भांडायचं नाही,
पाठही फिरवायची नाही.
काटकोनात बसायचं.
फोरमन त्रिवेदीशेजारी मी सतरा वर्षं तशीच बसले.

भार्गवी गायली.
वरच्या सुरांत तिचा आवाज पत्र्यासारखा वाजतो,
तिलाही ठाऊक आहे.
मी तीन हजारांवरून थोडं काढलं,
खाली अर्धा घास वाढवला,
आणि पत्र्याचं पितळ झालं.
मी वळून कुमुदताईंकडं पाहिलं.

मला नाही कळत फरक, म्हणाल्या.
वरचं ऐकू येतच नाही रे, कारखान्यातच राहिलं ते.
त्यांनी झाकण काढलेल्या डब्यात हात घातला
आणि आपल्या कॉइलवर बोट ठेवलं,
ताप बघावा तसं.
भार्गवीचा निषाद तेव्हा त्या बोटाखालून जात होता,
चारशे बारा वेढ्यांतून.

गरम होत नाहीये, म्हणाल्या. ठीक आहे.
दुसरीचे पैसे राहिलेत तुझ्याकडं.